दुसरी प्रत

कारखान्यात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे. शिलाईच्या लांबलचक हॉलमध्ये साठ मशिनं, आणि त्यातलं एखादं रुसलं की कुठल्या तरी टोकाकडून हाक यायची, "मिस्त्रीणबाई, याचा टाका सुटतोय बघा!" ती जायची, पण लगेच मशीन उघडायची नाही. "चालवा जरा," म्हणायची, मान कलती करून ऐकायची, आणि मग नेमका एकच स्क्रू पाव फेरा फिरवून पुढच्या मशिनकडे निघायची. नव्या मुलींना ती जादू वाटे. जुन्या बायका सांगत, "तिला आवाजावरून कळतं. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं."

हे ऐकणं तिला शिकवलं मशीनवाल्या काकांनी. काका काही तिच्या नात्यातले नव्हते. दोन स्टुलं मावतील एवढं त्यांचं दुकान होतं. एकोणीस वर्षांची असताना ती आईचं मशीन दुरुस्तीला घेऊन गेली आणि इतका वेळ बघत उभी राहिली, की शेवटी काकांनी वैतागून तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "नुसती उभी राहून उजेड अडवतेस. बस, हे खोल." ती बसली ती बसलीच. पुढे कारखान्यात लागली, लग्न झालं, लेक झाली, तरी सुट्टीच्या दिवशी ती काकांच्या दुकानात असायचीच.

काकांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने मोबाईल एका स्टँडला बांधला आणि दोन वर्षं, दर सुट्टीला, त्यांचं काम टिपून ठेवलं. एकशे शहाऐंशी व्हिडिओ झाले. कशातच काकांचा चेहरा नाही. मशीनचं उघडं पोट, त्यात चालणारी बोटं, आणि काकांचा घोगरा आवाज. "मी गेल्यावर कुणी मागितलं तर देऊन टाक," काका म्हणाले होते. "अडवून ठेवू नकोस. आणि काटछाट करू नकोस. माझी बडबडसुद्धा त्यातच आली."

काका गेले आणि तिने शब्द पाळायचं ठरवलं. व्हिडिओच्या एका फुकट साइटवर टाकून बघितलं, तर तिथे चित्र दाबून पार पिठलं केलं. सुईच्या मागचं हुकाचं टोक दिसेचना. मग कारखान्यातल्या हिशेबनिसाने तिला टॉरेंटबद्दल सांगितलं. ते तिला लगेच पटलं. फाईलचे हजारो बारीक तुकडे होतात, ज्याच्याकडे जे तुकडे असतील ते तो दुसऱ्याला देतो, आणि प्रत्येक तुकड्याची खूण जुळल्याशिवाय समोरचा तो घेतच नाही. एक अक्षर बदललेलं असलं तरी परत. अशा देत राहण्याला सीडिंग, म्हणजे बी पेरणं, म्हणतात, हे तिला कळलं, आणि तिने आपल्या फोल्डरचं नाव सरळ 'बियाणं' ठेवलं.

त्यासाठी तिने ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर आणला, जिन्याखालच्या कोनाड्यात बसवला, शिलाईच्या टेबलाची जुनी फळी तासून त्याला बैठक केली आणि डिस्का थरथरू नयेत म्हणून खाली मशीनचे रबरी पाय लावले. तीन महिने पुस्तकं, फोरम, चुका आणि शिव्या एवढ्यावर ती शिकली. घरच्यांना टीव्हीवर बघायला 'पडदा' नावाचं वेगळं फोल्डर केलं. त्यात लग्नाच्या नि सहलीच्या फिती होत्या, विकत घेतलेल्या सीडीच्या चकत्यांवरून उतरवलेले सिनेमे होते, आणि काकाही होते. काकांच्या फाईली बियाण्यात एका नावाने आणि पडद्यात दुसऱ्या नावाने दिसायच्या, पण डिस्कवर जागा एकदाच खायच्या. "माहेरचं नाव एक, सासरचं नाव एक, बाई तीच," असं तिने नवऱ्याला समजावलं होतं. नवऱ्याने मान डोलावली आणि कुस्त्या कुठे आहेत ते विचारलं.

याशिवाय एक वेगळी डिस्क होती. तिच्यावर मिस्त्रीणबाईने पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं होतं: 'काका – दुसरी प्रत'.

आठ वर्षं तो डबा जिन्याखाली गुणगुणत होता. ज्यांची नावं तिला उच्चारताही येत नव्हती अशा देशांतली माणसं तुकडा तुकडा करून काका घेऊन जात. एकाने लिहिलं होतं, शब्द मला एकही कळला नाही, हात सगळे कळले. घरात मात्र त्या कॉम्प्युटरचं नाव 'सिनेमाचा डबा'.

लेकीच्या घराचं रंगकाम निघालं तेव्हा लेक आणि जावई आठ दिवस राहायला आले. जावई कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता, काम घरूनच करायचा. मुलगा वाईट नव्हता. हसरा, जेवताना नावं न ठेवणारा, सासूला 'आई' म्हणणारा. फक्त एक होतं. कुठलीही वस्तू दिसली, की ती आणखी चांगली कशी करता येईल हे त्याला ताबडतोब सुचायचं आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालत असताना तो म्हणाला, "आई, काल सिनेमा मधेच अडकत होता. मी जरा बघू का?"

"बघा की," ती म्हणाली. तिला वाटलं, टीव्हीमागची वायर बघेल.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा नुसता उजळला होता. "अगं, ये ये! बघ तरी काय करामत केलीय जावईबापूंनी!" टीव्हीवर सगळे सिनेमे ओळीने, रंगीत चित्रांसकट मांडलेले. नवरा बटण दाबून दाखवत होता. "हे बघ, वर्षाप्रमाणे. हे बघ, नटाप्रमाणे. इतकी वर्षं आपण नुसती नावं वाचत बसायचो."

"काका कुठे आहेत?" तिने विचारलं.

"आहेत ना." जावयाने रिमोट घेतला. पडद्यावर आलं: 'शिलाई मशीन दुरुस्ती, सीझन १'. शेजारी चित्र म्हणून कुठल्याशा परक्या मालिकेतली, गुलाबी झगा घातलेली हसरी बाई. "चित्र आपोआप आलंय," जावई म्हणाला. "ते बदलता येईल."

तिने पर्स न ठेवताच एक व्हिडिओ लावायला सांगितला, आवाजावरून दोष ओळखायचा. काकांचे हात आले. चाक फिरलं, पट्टा पळायला लागला, सुई वरखाली झाली. आणि काहीच ऐकू आलं नाही. "ऐकलंस?" काका म्हणाले. आवाज असा स्वच्छ, की जणू शेजारी बसलेत. मग पुन्हा चाक, पुन्हा शांतता. "आता हे ऐक." शांतता. "फरक कळला ना?"

"मागे फार घरघर होती," जावई म्हणाला. "ती काढून टाकली मी. सगळ्यांतून."

तिचे कान तापले. जावयावर ओरडायचं नसतं हे तिच्या जिभेला इतकं पाठ होतं, की जीभ टाळ्याला चिकटून राहिली. ती जिन्याखाली जाऊन वाकली. मशीन बिघडलं की विचारते तशा, एकेक करून, तिने विचारायला सुरुवात केली.

"बियाणं फोल्डर कुठे गेलं?"

"डुप्लिकेट होतं ना ते. तेच एकशे शहाऐंशी व्हिडिओ दोन ठिकाणी. उडवलं."

"मग पडद्यातले?"

"ते लहान केले. निम्म्याहून कमी झाले, आणि बघायला काही फरक नाही."

"मूळचे?"

"लहान झाल्यावर मूळचे कशाला ठेवायचे?"

नुसतं बियाणं उडवलं असतं तर काही बिघडलं नसतं. एक नाव गेलं असतं, फाईल राहिली असती. तिने पांढऱ्या पट्टीच्या डिस्कवर हात ठेवला. ती गरम होती. तिच्यावर काम चालू होतं.

"आणि ही?"

"ती रिकामी करून घेतली. आमच्याकडचे सिनेमे भरतोय, तुम्हाला बघायला." तो जरा गोंधळला. "तुम्हीच लिहिलं होतंत ना तिच्यावर. दुसरी प्रत म्हणून."

ती उठली आणि घराबाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपाशी थोडा वेळ उभी राहिली, आणि परत आली. राग शांत करायला म्हणून गेली होती. येताना तो दुप्पट झाला होता. ताटं वाढली होती. तिने जेवायला सुरुवातही केली. मग नवरा म्हणाला, "काय गं, तोंड का उतरलं? जावईबापूंनी एवढा दिवस घालवला, एक शब्द तरी बोल."

तिने घास ताटात परत ठेवला.

"बोलते. जावईबापू, तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या डब्याला हात लावायला?"

लेक म्हणाली, "आई!"

"तू थांब. मी यांना विचारतेय."

"मी सकाळी विचारलं होतं तुम्हाला," जावई म्हणाला.

"टीव्ही अडकतोय म्हणालात. माझ्या डिस्का पुसू का, असं विचारलंत? काकांचं तोंड बंद करू का, असं विचारलंत?"

"उलट आवाज साफ—"

"मशीनचा आवाज हाच धडा होता! दोन वर्षं तो माणूस 'ऐक, ऐक' म्हणत राहिला, आणि तुम्ही ऐकायचं तेवढंच काढून टाकलंत! काय शिकणार कुणी त्यातून आता? एक म्हातारा मुक्या मशीनसमोर बसून फरक कळला का विचारतोय!"

"अगं, जाऊ दे," नवरा म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही गप्प बसा. पासवर्ड कुणी दिला?"

नवऱ्याने भाताकडे बघितलं.

"तो मदत करायला गेला होता, आई," लेक रडकुंडीला आली. "सगळ्यांसाठीच केलं ना त्याने?"

"मागितल्यावर करतात त्याला मदत म्हणतात. ही लुडबुड झाली."

जावयाचा चेहरा पडला होता. आता त्यालाही राग आला. "मला आधी सांगितलं असतंत तर मी हात लावला नसता."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं! आठ वर्षं मी ते चालवतेय. एकच गोष्ट तीन जागी दिसली, तर तुम्हाला एकदा तरी वाटलं का, की हे कुणीतरी मुद्दाम असं मांडलं असेल?"

तो खरं तेच बोलून गेला. "मला वाटलं, तुम्हाला ते नीट जमलं नसेल."

तिने ताट उचललं, मोरीत ठेवलं, आणि जिन्याखाली जाऊन डब्याची वायर भिंतीतून उपटली. टीव्हीवरची सगळी रंगीत चित्रं एकदम गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि जावई गेले. रंग वाळायचा होता, तरी गेले. लेकीने निघताना आईला नमस्कार केला नाही, आणि तिनेही अडवलं नाही.

पुढचा महिना तिने रागातच काढला. कारखान्यात एका मुलीने सुई उलटी बसवली म्हणून तिला हॉलभर ऐकू जाईल असं बोलली. ती मुलगी रडली, आणि तिला रडवल्याचा रागही स्वतःवर घेऊन मिस्त्रीणबाई घरी आली. स्वतःवर रागवायला कारण होतंच. दुसरी प्रत त्याच डब्याला, त्याच वायरीने जोडून ठेवली होती. साठ मशिनांचे सुटे भाग वेगवेगळ्या कपाटांत ठेवणारी बाई, आणि हे एवढं तिला सुचलं नव्हतं! पुसलेलं परत मिळवायचा प्रोग्राम तिने तीन दिवस चालवला. जावयाने दोन्ही डिस्कांवर इतकं नवीन ओतलं होतं, की खाली काही उरलंच नव्हतं. हाती लागला तो चोथा. त्यातल्या एका तुकड्यात नुसता काकांचा अंगठा होता, गोठलेला.

एकच वाट राहिली होती. टॉरेंटची मूळ यादी, ज्यात कुठल्या तुकड्याची कुठली खूण ते लिहिलेलं असतं, ती एवढीशी फाईल तिच्या मोबाईलमध्ये होती. ती तिने डब्यात घातली. आठ वर्षं देत असलेली बाई आता मागायला उभी राहिली. सुरुवात शून्यापासून. ज्यांना तिने दिलं होतं त्यांतले तीनजण तेव्हा चालू होते. त्यांच्याकडून थेंब थेंब यायला लागलं. कामावर जायच्या आधी बघायची, आल्यावर बघायची. चौऱ्याण्णव टक्क्यांवर येऊन ते थांबलं, आणि सहा दिवस तिथेच बसून राहिलं.

मग तिने दुरुस्तीवाल्यांच्या फोरमवर लिहिलं. गोड शब्द तिला सुचत नव्हते. लिहिलं, "ज्यांनी काकांचे व्हिडिओ नेले आहेत त्यांनी ते पुन्हा चालू करावेत. माझ्याकडचे घरातल्याच माणसाने पुसले. मी आठ वर्षं दिले, आता मला हवेत." चार दिवसांनी 'गंजका' अशा नावाच्या एकाचं उत्तर आलं. त्याची डिस्क भावाच्या घरी माळ्यावर होती. सुट्टीत जाऊन काढतो म्हणाला. तो गेला, त्याने काढली, जोडली. आकडा सरकला. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णवच्या पुढे जाऊन पुन्हा थांबला.

एकशे त्रेचाळीस नंबरचा व्हिडिओ कुणाकडेच नव्हता. सगळ्यांत लांब, पाऊण तासाचा. त्यात काका हुकाचं टायमिंग, म्हणजे सुईचा दोरा हुकाने नेमका कधी पकडायचा ते, लावता लावता काहीबाही बोलत बसले होते, म्हणून जागा वाचवायला जो तो तेवढा एक सोडून बाकीचे घेऊन गेला होता. गंजक्याने माफी मागितली. "मला वाटलं, तो कुणीतरी घेतलाच असेल."

म्हणजे एकशे त्रेचाळीसचं जगात उरलेलं एकच रूप होतं, जावयाने लहान करून साफ केलेलं. जावयाने केलेली बाकीची एकशे पंच्याऐंशी रूपं तिने दात-ओठ खात पुसली होती. हे एक मात्र ठेवावं लागणार होतं. तिला त्याचाच इतका संताप आला, की ते उघडून बघायला तिने आठवडा लावला.

मग एका दुपारी, घरी कुणी नसताना, तिने ते लावलं. मुकं मशीन, चिकट झालेलं चित्र, आणि काकांचा लख्ख आवाज. बडबड ओळखीची होती. विसाव्या मिनिटाला काकांनी मशीन जोरात सोडलं. तिला आठवलं, त्या वेळी इतका खडखडाट होता की ती एका हाताने कान झाकून उभी होती. आता खडखडाट नव्हता. त्याच्या खाली काका स्वतःशीच काहीतरी पुटपुटले होते, ते ऐकू आलं.

"च्यायला, हात ऐकत नाहीत आता. हिला कळू द्यायचं नाही."

तिने तिथेच थांबवलं. त्या दिवशी ती काकांवर चिडली होती, हे तिला आठवलं. तीनदा टायमिंग चुकवलं म्हणून म्हणाली होती, "काका, लक्ष कुठे आहे तुमचं?" आणि ते "हो हो" म्हणाले होते. ती जिन्याच्या पायरीवर बसून बराच वेळ रडली, आणि रडता रडता तिला जावयाचा आणखी राग आला, कारण हे वाक्य त्याच्यामुळे मिळालं होतं आणि त्याबद्दल त्याचे आभार मानणं तिला या जन्मात शक्य नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात जावयाचा फोन आला. लेकीने लावून दिला नव्हता, त्याने स्वतः केला होता. आधी तब्येत, मग रंगाचा वास. मग म्हणाला, "आई, माझं चुकलं. तुम्हाला जमलं नसेल असं मला वाटायला नको होतं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. नाही हो, असू दे, असं काही तिने म्हटलं नाही. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे एखादी डिस्क मोकळी आहे?"

"आहे ना!"

"काकांची एक प्रत तिच्यावर ठेवा. तुमच्या घरी, कपाटात. वायर काढून. ती पोरीच्या ताब्यात राहील. तुम्ही तिला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," तो म्हणाला. त्याला हसू आलं असावं, पण तो हसला नाही, आणि त्यासाठी तिने त्याला मनातल्या मनात थोडे गुण दिले.

हुकाच्या टायमिंगचा धडा मात्र आवाजासकट कुठेच उरला नव्हता. काकांच्या संचात परकं काही मिसळायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं. म्हणून तिने वेगळा संच काढला, एकाच व्हिडिओचा. सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या चौकीदाराकडून हॉल उघडून घेतला, सगळ्यांत खडखडाटी मशीन निवडलं, मोबाईल स्टँडला बांधला आणि पहिल्यांदाच स्वतःचे हात पुढे केले. टायमिंग मुद्दाम बिघडवलं, चालवून ऐकवलं. लावलं, पुन्हा ऐकवलं. "घरघर काढू नका," ती मधेच म्हणाली. "घरघर आहे म्हणून कळतंय." पुढे एका जागी तिचा स्क्रूड्रायव्हर सटकला आणि ती जे बोलली, तेही तिने कापलं नाही.

पहिल्या आठवड्यात अकराजणांनी तो नेला. त्यांत गंजकाही होता.

नवऱ्याने तो टीव्हीवर लावून शेवटपर्यंत बघितला. आता पुन्हा नुसती नावं दिसत होती, रंगीत चित्रं नव्हती, आणि त्याबद्दल बोलायची त्याची छाती नव्हती.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "पण तू यात चिडल्यासारखी वाटतेस."

"चिडलेलीच आहे," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.